दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी नववीतील दोन विद्यार्थ्यांमध्ये कडाक्याचे भांडण जुंपलेले आम्ही पाहिले. क्रिकेटच्या सामन्यात कोणी बाद झाल्यावरून वाद चालला असावा, असे आम्हांस प्रथम वाटले. जवळ जाऊन ऐकतो तो विषय निराळाच! एकाच्या मते सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन’ हेच जगातील एकमेव खरे यंत्र. दुसऱ्याच्या मते मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स’ची सर दुसऱ्या कशालाही यावयाची नाही. एकाकडचे यंत्र थोरल्या भावाने वापरून दिलेले, दुसऱ्याकडचे मामांनी परदेशाहून आणलेले. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याचे यंत्र हाती धरून पाहिलेले नव्हते. तरीही वाद इतका विकोपास गेला की, एका बाकावर बसणारे ते दोघे पुढे आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत.

दूरचित्रवाणी संचास जोडून ज्यावर खेळ खेळता येतात, त्या यंत्रास ‘कन्सोल’ म्हणतात, हे विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच. घरातील वडीलधाऱ्या वाचकांसाठी ते येथे सांगितले. आपल्याला प्रिय असलेल्या कंपनीने प्रतिस्पर्ध्यास पार धुळीस मिळवावे, अशी इच्छा हे यंत्र बाळगणाऱ्या पुष्कळ मुलांच्या मनात असते. आम्हांस नम्रपणे असे सांगावयाचे आहे की, ही इच्छा पुरी झाली तर सर्वांत अधिक नुकसान ती करणाऱ्याचेच होईल. प्लेस्टेशनवर खेळणाऱ्याचा मोठा कैवारी एक्सबॉक्स होय, आणि एक्सबॉक्सवर खेळणाऱ्याचा प्लेस्टेशन. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण आपण भांडणाऱ्यांना सावध करण्यासाठी वापरतो. येथे मात्र भांडणाऱ्या त्या दोन कंपन्या आहेत आणि तिसरे आपण आहोत. तेव्हा आपण त्या भांडणात उतरू नये, त्याचा लाभ घ्यावा, हेच शहाणपणाचे.

हे विधान इतिहासावरून पारखून पाहता येते.

अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात अटारी या कंपनीने घरोघरी खेळ नेले. तिची भरभराट पाहून अनेकांनी या धंद्यात उड्या घेतल्या. खेळ कोण करतो, कसा करतो, यावर कोणाचेच लक्ष राहिले नाही. दुकाने निकृष्ट खेळांनी भरून गेली, ग्राहकांचा विश्वास उडाला, आणि १९८३ साली हा बाजार कोसळला. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे ३ अब्ज डॉलरांची असलेली विक्री १९८५ पर्यंत सुमारे १० कोटींवर आली. न खपलेल्या खेळांचे ढीग न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरून टाकण्यात आले. २०१४ साली ते उकरून काढले, तेव्हा जुन्या काळची ती कथा खरी ठरली. यावरून एवढा बोध घ्यावा की, नुसती गर्दी म्हणजे चुरस नव्हे. एकाने चांगले केले म्हणून दुसऱ्याने त्याहून चांगले करावे, ही चुरस. एकाने वाईट केले म्हणून दुसऱ्याने त्याहून स्वस्त वाईट करावे, ती घसरण.

या पडझडीतून निंटेंडो ही जपानी कंपनी पुढे आली. क्योतो शहरात १८८९ साली पत्ते बनविण्यासाठी स्थापन झालेली ही जुनी पेढी. तिने १९८३ साली जपानात ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र काढले आणि १९८५ पासून तेच निराळ्या रूपात अमेरिकेत विकावयास आरंभ केला. निकृष्ट खेळांमुळे बाजार बुडाला होता, हे ती विसरली नव्हती. म्हणून तिने कडक नियम केले. यंत्रात कुलपासारखे काम करणारी एक चिप बसविली. तिच्या परवानगीवाचून कोणाचाही खेळ त्यावर चालत नसे. अमेरिकेत खेळ करणाऱ्या कंपनीने वर्षास पाचच खेळ काढावेत, खेळाच्या पेट्या निंटेंडोकडूनच बनवून घ्याव्यात, आणि तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही यंत्रासाठी देऊ नये, अशी बंधने होती.

न्यायाने बोलावयाचे तर यातील मूळ हेतू अगदीच वाईट नव्हता. निवडक व चांगले खेळ मिळू लागले आणि कोसळलेला बाजार पुन्हा उभा राहिला. परंतु बरोबरीचा प्रतिस्पर्धी नसला की चांगल्या हेतूचे नियमही हळूहळू बेड्या होतात. खेळ करणाऱ्यांना दुसरे दार नव्हते, दुकानदारांना नव्हते, आणि म्हणून मुलांनाही नव्हते. आपले यंत्र ठराविक किमतीखाली विकू नये म्हणून निंटेंडोने दुकानदारांवर दडपण आणले, असा आरोप अमेरिकन सरकारी अधिकाऱ्यांनी केला. १९९१ साली ते प्रकरण तडजोडीने मिटले. ग्राहकांना पाच पाच डॉलरांची सवलत-पत्रके देण्याचे ठरले, आणि ती पत्रके निंटेंडोचेच खेळ घेताना वापरावयाची होती! दंडाच्या रूपानेही ग्राहक पुन्हा त्याच दुकानी यावा, यातच एकट्या दुकानदाराचे बळ दिसून येते.

जे काम सरकारी चौकशीने अर्धेमुर्धे केले, ते एका प्रतिस्पर्ध्याने पुरे केले. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने आपले अधिक सामर्थ्याचे यंत्र १९८८ साली जपानात व १९८९ साली ‘जेनेसिस’ या नावाने अमेरिकेत आणले. १९९० साली तिच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख झालेले टॉम कॅलिन्स्की यांनी वरिष्ठांपुढे धाडसी प्रस्ताव मांडला: यंत्राची किंमत सुमारे १९० डॉलरांवरून १५० वर आणावी आणि आपला सर्वोत्तम खेळ यंत्राबरोबरच द्यावा. तो खेळ म्हणजे १९९१ साली निघालेला निळ्या साळूचा ‘सॉनिक’. हातचा सोन्याचा घास फुकट वाटण्यासारखे हे होते. परंतु ते फळास आले, आणि काही वर्षांतच सेगा अमेरिकेत निंटेंडोच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

याचा लाभ कोणास झाला? सेगा घेणाऱ्यांस तर झालाच. परंतु ज्याने जन्मात सेगाचे यंत्र पाहिले नाही, अशा निंटेंडोच्या निष्ठावंत मुलासही तो झाला. दोन वर्षांच्या बंधनाचा नियम निंटेंडोला सोडावा लागला, तेव्हा खेळ करणारे एकच खेळ दोन्ही यंत्रांसाठी काढू लागले. निंटेंडोचे नवे यंत्र १९९१ साली अमेरिकेत आले. पुढे ते जुने होऊ लागले तरी तिने स्वस्थ बसणे परवडण्यासारखे नव्हते. १९९३ साली खेळाच्या पेटीतच जादा चिप बसवून ‘स्टार फॉक्स’ काढला, आणि १९९४ साली ‘डाँकी काँग कंट्री’ हा खेळ आला, तेव्हा त्याच जुन्या यंत्रावर अशी चित्रे उमटू शकतात यावर लोकांचा विश्वास बसेना. पाठीमागे धावणारा कोणी नसता, तर पुढच्याने इतका दम कशाला खर्च केला असता?

पुढील प्रकरण तर एखाद्या नाटकात शोभावे असे आहे. निंटेंडोच्या यंत्रास तबकडीवरील खेळ चालविण्याची सोय जोडावी, यासाठी सोनी कंपनी तिच्याबरोबर काम करीत होती. १९९१ च्या जून महिन्यात शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने त्या यंत्राची घोषणा केली; आणि दुसऱ्याच दिवशी निंटेंडोने सोनीला बाजूस सारून फिलिप्स कंपनीशी हातमिळवणी केल्याचे जाहीर केले. भर सभेत झालेला हा अपमान सोनीच्या जिव्हारी लागला. केन कुतारागी या अभियंत्याने स्वतंत्र यंत्राचा हट्ट धरला, आणि ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानात ‘प्लेस्टेशन’चा जन्म झाला. आमच्या नववीच्या विद्यार्थ्याचे दैवत हे असे एका मोडलेल्या करारातून प्रकट झाले!

१९९५ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने आपल्या नव्या ‘सॅटर्न’ यंत्राची किंमत ३९९ डॉलर असल्याचे सांगितले. त्यानंतर सोनीच्या सभेत स्टीव्ह रेस हे अधिकारी व्यासपीठावर आले, ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या एका आकड्याने प्रत्येक खरेदीदाराचे शंभर डॉलर वाचविले, आणि पुढे सेगासही आपली किंमत उतरवावी लागली. शिवाय प्लेस्टेशनचे खेळ तबकडीवर येत. पेटीपेक्षा तबकडी बनविण्यास फार स्वस्त. म्हणून खेळांची किंमतही उतरली, आणि नवख्या कंपन्यांनाही धोका पत्करून निराळे प्रयोग करता आले.

परंतु ज्या प्रसंगाने आमचे मत पक्के झाले, तो किमतीचा नाही; तो उसनवारीचा आहे.

बडोद्याच्या मुलांना उसनवारीचे महत्त्व सांगावयास नको. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे पाचारण करून फुकट वाचनालयांची जी व्यवस्था उभारली, तिचे मूळ तत्त्व हेच की, एकाने विकत घेतलेली वस्तू अनेकांच्या हाती फिरावी. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे फॅमिकॉमच्या स्वस्त नकला घरोघरी आल्या, तेव्हा आळीतील मुले त्याच तत्त्वाने वागत. खेळाच्या पेटीस सारे ‘कॅसेट’ म्हणत. शनिवारी एकाची कॅसेट दुसऱ्याकडे जाई आणि रविवारी दुसऱ्याची पहिल्याकडे. कोणाच्याही घरी चारपेक्षा अधिक कॅसेटी नसत. तरी खेळावयास वीस मिळत.

हीच गोष्ट २०१३ साली धोक्यात आली. मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’ या नव्या यंत्राचे नियम जाहीर केले. यंत्राने दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावावी. न लावल्यास त्यावरील खेळ खेळता येऊ नयेत. विकत घेतलेला खेळ मित्रास द्यावयाचा तर तो एकदाच देता येईल, आणि तोही तीस दिवसांपासून कंपनीच्या यादीत नोंद असलेल्या मित्रासच. जुना खेळ विकावयाचा तर ठरवून दिलेल्या दुकानीच, आणि खेळ करणाऱ्याची संमती असेल तर. म्हणजे पैसे आपले, तबकडी आपली, मित्रही आपला. परंतु देण्याघेण्याचा अधिकार तिसऱ्याचा!

खेळणाऱ्यांमध्ये संताप उसळला. परंतु संतापाचे बळ केव्हा चालते? समोर दुसरे दुकान उघडे असते तेव्हा. १० जून २०१३ रोजी सोनीने आपल्या ‘प्लेस्टेशन ४’ची किंमत ३९९ डॉलर सांगितली, एक्सबॉक्सची ४९९ होती. त्याचबरोबर जुने खेळ विकणे, मित्रास देणे, इंटरनेटवाचून खेळणे यांवर कोणतेही बंधन नसल्याची ग्वाही दिली. ‘मित्रास खेळ कसा द्यावा’ हे शिकविणारी काही सेकंदांची चित्रफीतही तिने प्रसिद्ध केली. तीत एक गृहस्थ दुसऱ्याच्या हाती तबकडी देतो, दुसरा आभार मानतो, शिक्षण संपले! जग खळखळून हसले. त्यानंतर नऊ दिवसांनी, १९ जून रोजी, मायक्रोसॉफ्टने ते सर्व नियम मागे घेतले; आणि पुढील वर्षी ३९९ डॉलरांचे यंत्रही काढले.

विद्यार्थिमित्रांनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. एक्सबॉक्स बाळगणाऱ्या मुलास आपली तबकडी मित्राला देण्याचा हक्क परत मिळाला, तो कोणामुळे? न्यायालयामुळे नव्हे, कायद्यामुळे नव्हे, तर ज्या कंपनीस तो मुलगा रोज नावे ठेवीत होता, तिच्यामुळे! आणि सोनी तरी इतकी उदार का झाली? तिच्या मागील ‘प्लेस्टेशन ३’ची किंमत २००६ साली ४९९ व ५९९ डॉलर ठेवून तिने चटका सोसला होता. वर्षभर आधी आलेल्या एक्सबॉक्सने व त्याच वेळी २५० डॉलरांत आलेल्या निंटेंडोच्या ‘वी’ने तिची घमेंड उतरविली होती. उदारता हा कंपनीचा स्वभाव नव्हे. ती शेजारच्या दुकानाच्या धाकाने अंगी येते.

हा धाक ओसरला म्हणजे काय होते, तेही पाहावे. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे असलेल्या मित्रांना इंटरनेटवरून एकत्र खेळता यावे, अशी मागणी फार दिवसांची होती. २०१८ च्या जून महिन्यात मायक्रोसॉफ्ट व निंटेंडो यांनी ‘माइनक्राफ्ट’ या खेळापुरते आपले दरवाजे एकमेकांस उघडले. सोनी मात्र त्या वेळी सर्वांत पुढे होती. आणि पुढे असलेल्यास दार उघडण्याची घाई नसते. अखेर खेळणाऱ्यांचा रोष वाढला, तेव्हा सप्टेंबरात ‘फोर्टनाइट’ या खेळापासून तिने आरंभ केला. मागे पडलेली कंपनी मैत्रीच्या गोष्टी बोलते आणि पुढे गेलेली कुंपणाच्या, हा नियम आम्हांस तिन्ही कंपन्यांच्या चरित्रात आढळतो. म्हणून कोणी एक सज्जन व दुसरी दुर्जन, असे समजण्यात अर्थ नाही.

आमच्या मतावर आक्षेप घेणारे म्हणतील, “चुरशीचे इतके गोडवे गाता, तिचे दुर्गुण का सांगत नाही?” ते सांगणे आमचे कर्तव्यच आहे. घाईने माल बाजारात आणण्याच्या नादात तो कच्चा राहतो. २००५ साली सर्वांच्या आधी आलेल्या ‘एक्सबॉक्स ३६०’मध्ये इतके बिघाड निघाले की, २००७ साली कंपनीस हमीची मुदत तीन वर्षांची करून एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस काढून ठेवावी लागली. ग्राहक ओढण्यासाठी मर्यादाही सुटते. १९९३ साली ‘मॉर्टल काँबॅट’ या मारामारीच्या खेळात निंटेंडोने रक्त गाळले, सेगाने ते राहू दिले, आणि सेगाचीच विक्री अधिक झाली. त्यावरून अमेरिकन संसदेत चर्चा झाली, आणि कोणत्या वयास कोणता खेळ योग्य हे वेष्टनावर छापण्याची पद्धत १९९४ साली निघाली. स्पर्धेत हरणारेही असतात. सेगाने २००१ साली कन्सोल बनविणे सोडले आणि तिचा सॉनिक निंटेंडोच्याच यंत्रावर धावू लागला. शिवाय बलवान कंपनी चांगले खेळ करण्याऐवजी ते करणाऱ्यांनाच विकत घेऊ लागते. २०२३ साली मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरांस घेतली. आवडता खेळ एकाच यंत्रावर मिळतो म्हणून दुसरे यंत्र घ्यावे लागणे, हाही ग्राहकावर भुर्दंडच.

हे सारे खरे. परंतु यातून निघणारा निष्कर्ष चुरस नको असा नसून, चुरशीस नियमांची व जागरूक ग्राहकाची जोड हवी, असा आहे. पंच नसलेला सामना वाईट. म्हणून सामनाच बंद करावा, असे कोणी म्हणत नाही.

आमची खरी काळजी निराळीच आहे. ग्राहकास एका दुकानातून उठून दुसऱ्यात जाता येते, तोपर्यंतच चुरशीचा लाभ त्याच्या पदरात पडतो. २०२० सालापासून दोन्ही मोठ्या कंपन्यांनी तबकडी घालण्याची सोयच नसलेली, काहीशी स्वस्त यंत्रेही काढली आहेत. त्यांवरील खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचे आणि ते त्या कंपनीच्या खात्यातच राहावयाचे. ते मित्रास सहज देता येत नाहीत, विकता येत नाहीत, आणि दुसऱ्या कंपनीचे यंत्र घेतले तर बहुतेक मागेच सोडावे लागतात. पाच वर्षे असे खेळ साठविणारा मुलगा नाराज झाला तरी जाणार कोठे? २०१३ साली जे नियम जाहीरपणे लादता आले नाहीत, तेच थोड्याशा सवलतीच्या मोबदल्यात आपण आपल्या हातांनी घरात आणीत आहोत. पूर्वी यंत्र जुने झाले की त्याची किंमत उतरे. २०२५ साली मात्र अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने दोनदा व सोनीने एकदा आपल्या चालू यंत्रांच्या किमती वाढविल्या. आयातकर, महागाई अशी त्याची इतर कारणे आहेतच. परंतु ग्राहक सहजासहजी उठून जाणार नाही, हे ठाऊक असलेल्या दुकानदारास भाव वाढविण्याची भीती कमी वाटते, हेही तितकेच खरे.

भारतात ‘प्लेस्टेशन ५’ आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती, आणि ‘एक्सबॉक्स सिरीज एक्स’चीही तेवढीच. आमच्या बहुसंख्य कुटुंबांना ही रक्कम लहान नाही. म्हणून घरात असे यंत्र यावयाचे असेल तर पालकांनी व मुलांनी मिळून दोन प्रश्न अवश्य विचारावेत. यावरील खेळ दुसऱ्यास देता येतो का? आणि उद्या आम्ही दुसरे यंत्र घेतले तर आमचे काय काय मागे राहील? ज्या यंत्राची उत्तरे अधिक मोकळी, ते घ्यावे. खोक्यावरील नाव पाहू नये. कंपनीची जाहिरात करण्यासाठी तिच्याकडे पगारी माणसे आहेत. ते काम आपण फुकट, आणि तेही मैत्री मोडून, का करावे?

आता त्या दोन विद्यार्थ्यांविषयी. आठवड्यानंतर त्यांचा अबोला मिटला. दिवाळीच्या सुट्टीत पहिला दुसऱ्याच्या घरी गेला, आणि ज्या यंत्रास तो नावे ठेवीत असे त्यावर दुपारभर खेळला. परत आल्यावर “कसे आहे?” असे आम्ही विचारले. “आमच्यासारखेच आहे, सर,” तो म्हणाला, “पण त्याच्याकडे जो खेळ आहे तो आमच्याकडे नाही.” पुढल्या रविवारी दुसरा पहिल्याकडे जाणार होता.

दोन कंपन्यांनी खुशाल भांडावे. जितके अधिक भांडतील तितके बरे. या दोघांनी मात्र एकमेकांच्या घरी जाणे सोडू नये.